भिंतीवरचा चेहरा : वसाहतकालीन अमेरिकेतील व्यक्तिचित्रे

प्रास्ताविक



'व्यक्तिचित्र' हा शब्द मराठीच्या अभ्यासकाला प्रथम एक गद्य वाङ्मयप्रकार म्हणून आठवतो. त्यातील 'चित्र' हे पद मात्र वाङ्मयाने चित्रकलेकडून उसने घेतलेले आहे. लेखक एखाद्या व्यक्तीविषयी लिहितो तेव्हा तो काही गोष्टी निवडतो, काही गाळतो आणि उरलेल्यांना एक क्रम देतो. वाचकाच्या मनात उभी राहते ती ही निवडलेली व्यक्ती. चित्रकाराच्या बाबतीतही असेच घडते. फरक इतकाच की, चित्रकाराला पैसे देणारी व्यक्ती बहुधा त्याच्या समोरच बसलेली असते. या फरकाचे परिणाम किती दूरवर पोहोचतात हे पाहण्यासाठी आपण या घटकात अठराव्या शतकातील उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी वसाहतींकडे वळणार आहोत.

हेच उदाहरण निवडण्यामागे कारण आहे. या वसाहतींत राजदरबार नव्हता, चित्रकारांना शिक्षण देणारी संस्था नव्हती, आणि प्युरिटन परंपरेच्या प्रार्थनागृहांत धार्मिक चित्रांना स्थान नव्हते. ज्याला कुंचल्यावर पोट भरायचे असेल त्याच्यापुढे व्यक्तिचित्रे रंगवण्यावाचून फारसा मार्ग उरत नसे. दुसरीकडे, चित्रे काढवून घेणाऱ्यांची प्रतिष्ठा अगदी ताजी होती. जहाजे, साखर, कापड, रम आणि गुलामांचा व्यापार यांतून आलेला पैसा एक-दोन पिढ्यांचाच होता. इंग्लंडमधील उमरावाला आपली थोरवी सिद्ध करावी लागत नसे. ती त्याला जन्माने मिळालेली असे. बॉस्टनच्या व्यापाऱ्याला ती दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगून ठेवावी लागे. म्हणून ही चित्रे पाहताना 'ही व्यक्ती कशी दिसत होती' या प्रश्नापेक्षा 'आपल्याला लोकांनी कसे मानावे असे या व्यक्तीला वाटत होते' हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो. आणि त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येतो : असे ठरवण्याचा अधिकार कोणाला होता?

आरंभीचे चित्रकार

सतराव्या शतकापासूनच या वसाहतींत व्यक्तिचित्रे काढली जात होती. बॉस्टनचे व्यापारी जॉन फ्रीक आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांची १६७१ ते १६७४ या काळातील चित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांच्या चित्रकाराचे नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही, परंतु लेस, रेशमी फिती आणि मोत्यांच्या माळा मात्र त्याने एकेक करून मोजाव्यात अशा रंगवल्या आहेत. एलिझाबेथच्या मांडीवरील लहान मुलगी मेरी ही मूळ चित्रात नव्हती. तिच्या जन्मानंतर, १६७४ मध्ये, जुन्याच चित्रात बदल करून तिला तेथे बसवण्यात आले. कुटुंबाच्या जमाखर्चात नवी नोंद करावी तशी ही नोंद चित्रात झाली.

युरोपात रीतसर शिकलेला चित्रकार बॉस्टनला मिळाला तो १७२९ मध्ये. जॉन स्मायबर्ट हे मूळचे एडिंबरोचे. लंडन आणि इटली येथे शिकून ते तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांच्याबरोबर अमेरिकेत आले. बर्म्युडा बेटावर महाविद्यालय काढण्याची बर्कली यांची योजना होती. ती योजना बारगळली, परंतु स्मायबर्ट बॉस्टनमध्ये राहिले. बर्कली आणि त्यांच्या सोबत्यांचे त्यांनी काढलेले समूहचित्र 'बर्म्युडा ग्रुप' या नावाने ओळखले जाते. केवळ चित्रांवर संसार चालेना म्हणून त्यांनी रंग आणि मुद्रित चित्रे विकण्याचे दुकानही काढले. इटलीत तयार केलेल्या थोर चित्रांच्या प्रती आणि प्लास्टरचे पुतळे त्यांच्या चित्रशाळेत ठेवलेले असत. पुढील दोन पिढ्यांतील अमेरिकी चित्रकारांच्या दृष्टीने ही खोली म्हणजे एक लहानसे विद्यापीठच होते, कारण मूळ चित्रे महासागरापलीकडे होती आणि निदान त्यांच्या प्रती येथे पाहायला मिळत.

उसना पोशाख

आता आपण या परंपरेतील सर्वांत समर्थ चित्रकाराकडे येऊ. जॉन सिंगलटन कॉप्ली यांचा जन्म १७३८ मध्ये बॉस्टनला झाला. त्यांच्या आईचे बंदराच्या धक्क्यावर तंबाखूचे दुकान होते. १७४८ मध्ये तिने पीटर पेलम यांच्याशी पुनर्विवाह केला. पेलम हे 'मेझोटिंट' पद्धतीने चित्रे छापणारे कारागीर होते. या पद्धतीत तांब्याचा पत्रा आधी सर्वत्र खरखरीत करून घेतात. तसाच छापला तर कागदावर दाट काळा रंग उमटतो. मग जेथे उजेड हवा तेथे तो पत्रा घासून गुळगुळीत करायचा. अशा रीतीने काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मऊ छटा मिळतात, आणि म्हणून तैलचित्रांच्या छापील प्रती काढण्यासाठी ही पद्धत विशेष सोयीची ठरली. पेलम यांचे निधन १७५१ मध्ये झाले. सावत्र वडिलांचा सहवास मोजून तीन वर्षांचा, पण घरात त्यांची हत्यारे आणि मुद्रितचित्रे होती.

लंडनहून येणाऱ्या या मुद्रितचित्रांनी वसाहतीतील व्यक्तिचित्रांवर केवढी सत्ता गाजवली हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. १७५३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, कॉप्ली यांनी मिसेस जोसेफ मान यांचे चित्र काढले. त्यांची बसण्याची ढब, पोशाख, हातातील मोत्यांची माळ, पाठीमागचा निसर्ग हे सारे इंग्लंडची राजकन्या ॲन हिच्या एका जुन्या मेझोटिंटवरून घेतलेले आहे. फक्त डावे-उजवे उलटे केले आहे. म्हणजे राजकन्येच्या देहावर मॅसॅच्युसेट्समधील एका गृहिणीचा चेहरा बसवला आहे. पुढे कॉप्ली नावारूपाला आल्यानंतरही हा प्रकार थांबला नाही. १७६४ च्या सुमाराचे मेरी ग्रीन हबर्ड यांचे चित्र एका इंग्रज उमराव स्त्रीच्या छापील चित्रावर बेतलेले आहे.

आजच्या वाचकाला ही नक्कल वाटेल. तत्कालीन ग्राहकाला मात्र तो उणेपणा वाटत नसे. लंडनच्या सरदार घराण्यातील स्त्री जशी बसते तसे आपणही बसलो आहोत, हेच तर त्याला दाखवायचे होते. आपल्याकडे छायाचित्रकाराच्या दुकानात रंगवलेल्या पडद्यापुढे, महालाच्या जिन्यापाशी उभे राहून फोटो काढवून घेतलेले पूर्वज अनेक घरांत भिंतीवर आहेत. तो महाल आपला नाही हे त्यांनाही ठाऊक होते.

या परावलंबनातूनच कॉप्ली यांचे बलस्थान घडले असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. मुद्रितचित्रातून ढब मिळते, छाया मिळते, पण रंग मिळत नाही. सॅटिनवर उजेड कसा घसरतो, महोगनीच्या टेबलात हाताचे प्रतिबिंब कसे दिसते, हे त्यांना समोरच्या वस्तूंकडे पाहूनच शोधावे लागले. ते अतिशय सावकाश काम करीत आणि बैठकींमागून बैठकी घेत. समोर बसलेल्यांच्या सहनशीलतेची कसोटी लागे, परंतु वस्तूचा पोत दाखवण्यात वसाहतींतील दुसरा कोणीही चित्रकार त्यांच्या जवळपास पोहोचत नाही.

वस्तू काय सांगतात?

कॉप्ली यांनी १७६५ मध्ये जॉन हॅनकॉक यांचे चित्र काढले. काकांच्या मृत्यूनंतर हॅनकॉक नुकतेच मोठ्या संपत्तीचे धनी झाले होते. चित्रात ते लेखणी हाती धरून खातेवहीपुढे बसले आहेत. पोशाख उंची आहे, पण भपका आवरलेला आहे. 'मी श्रीमंत आहे' हे सांगण्याऐवजी 'मी उद्योगी आहे' असे हे चित्र सांगते.

१७६७ मधील निकोलस बॉयल्स्टन यांचे चित्र याच्या उलट टोकाचे वाटेल. हेही आयात-व्यापारी. त्यांच्या घरी मेजवानीला गेलेले जॉन ॲडम्स, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेथील सामानसुमान पाहून इतके दिपले की हे घर एखाद्या राजपुत्राला शोभेल अशी नोंद त्यांनी दैनंदिनीत केली. चित्रात मात्र बॉयल्स्टन यांनी विग घातलेला नाही. मुंडण केलेल्या डोक्यावर पागोट्यासारखी टोपी आहे आणि अंगात सैल रेशमी झगा. हा झगा घरात, फुरसतीच्या वेळी घालायचा. तो घालून चित्रकारापुढे बसणे म्हणजे आपल्याला फुरसत आणि विद्याव्यासंग परवडतो हे दाखवणे. त्यांचा हात मात्र खातेवह्यांवर टेकलेला आहे आणि मागे समुद्रात जहाज आहे. फुरसतीचा खर्च कोठून निघतो हेही चित्रात सांगून टाकले आहे!

या झग्याचे नाव 'बॅनियन', आणि मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांना उद्देशून वापरल्या जाणाऱ्या 'वाणियो' या गुजराती शब्दापासून, पोर्तुगीजांच्या मार्गे, हा शब्द इंग्रजीत गेला आणि आशियाई धाटणीच्या सैल झग्याला चिकटला. आपण अंगात घालतो ते 'बनियन' याच शब्दाच्या घराण्यातले. गुजरातच्या वाण्याचे नाव लावलेला झगा घालून बॉस्टनचा व्यापारी इंग्रजी थाटात बसतो, यातून अठराव्या शतकातील व्यापाराचा नकाशाच आपल्यापुढे उलगडतो.

१७६८ मधील पॉल रिव्हिअर यांचे चित्र या सर्वांत वेगळे. रिव्हिअर हे चांदीकाम करणारे कारागीर. कॉप्ली यांच्या लघुचित्रांसाठी सोन्या-चांदीच्या चौकटी ते करून देत. हा व्यवहार त्यांच्या वह्यांत नोंदलेला आहे. चित्रात त्यांनी कोट घातलेला नाही. पांढरा लिननचा सदरा, उघडे जाकीट, हनुवटीवर टेकलेला एक हात आणि दुसऱ्या हातात चांदीची किटली. पुढे कोरणीची हत्यारे आहेत, किटलीवर नक्षी अद्याप उमटायची आहे. श्रमाची अशी प्रतिष्ठा त्या काळच्या व्यक्तिचित्रांत दुर्मीळ. तरीही हे कारखान्याचे वास्तव दर्शन नव्हे. टेबल आरशासारखे चकचकीत आहे, सदरा निष्कलंक आहे, जाकिटाला सोनेरी बटणे आहेत. साधेपणादेखील येथे विचारपूर्वक मांडलेला आहे. शिवाय किटली चहाची आहे. इंग्लंडच्या संसदेने १७६७ मध्ये चहासह अनेक वस्तूंवर कर बसवले होते आणि त्यावरून बॉस्टन पेटले होते. अशा वेळी चहाची किटली ही निरुपद्रवी वस्तू राहिलेली नव्हती.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने या चित्राचे पुढचे आयुष्यही लक्षात घ्यावे. रिव्हिअर यांच्या घराण्यात हे चित्र दीर्घकाळ माळ्यावर पडून होते. १८६१ मध्ये लाँगफेलो यांची रिव्हिअर यांच्या घोडदौडीवरील कविता प्रसिद्ध झाली आणि एक स्थानिक कारागीर राष्ट्रपुरुष बनला. १९३० मध्ये चित्र बॉस्टनच्या कलासंग्रहालयाकडे आले. आज ते पाहणारा माणूस कारागिराकडे पाहत नाही, कवितेतील वीराकडे पाहतो. कॅनव्हासवरचा एकही ठिपका न बदलता चित्राचा अर्थ बदलला.

विचार करा : तुमच्या घरात किंवा गावातील सार्वजनिक जागी असलेले एखादे जुने व्यक्तिचित्र अथवा छायाचित्र घ्या. त्यातील व्यक्तीच्या हातात, टेबलावर आणि पाठीमागे कोणत्या वस्तू आहेत? त्या कोणी ठरवल्या असतील?

ज्यांना विचारले गेले नाही

आतापर्यंतची उदाहरणे स्वतःचे चित्र स्वतः विकत घेणाऱ्यांची होती. वसाहतींत याखेरीजही माणसे होती.

१७३५ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्वीडनहून आलेले चित्रकार गुस्टावस हेसेलिअस यांनी लेनापे या आदिवासी समाजाच्या दोन प्रमुखांची चित्रे काढली. त्यांची नावे टिशकोहान आणि लापोविन्सा. चित्रे काढवून घेतली होती वसाहतीच्या मालक असलेल्या पेन कुटुंबाने. या चेहऱ्यांवर उसनी ढब नाही. टिशकोहान यांच्या खांद्यावर निळे पांघरूण आहे, गळ्यात प्राण्याच्या कातड्याची पिशवी लोंबते आहे, आणि चेहऱ्यावर थकवा व सावधपणा दोन्ही आहेत. खुशामत करण्याचे कारण नसल्याने चित्रकाराने जे दिसले ते काढले. वसाहतकाळातील अत्यंत प्रामाणिक चित्रांत या दोहोंची गणना करावी लागते. परंतु दोन वर्षांनी, १७३७ मध्ये, याच पेन कुटुंबाने एका जुन्या करारपत्राचा आधार पुढे केला. माणूस दीड दिवसात जेवढे चालेल तेवढी जमीन आपली, असे त्याचे कलम होते. लेनापे प्रमुखांनी त्यावर खुणा केल्या. त्यांत हे दोघेही होते. पेन यांच्या माणसांनी आधीच वाट साफ करून ठेवली, वेगाने चालणारे तिघे निवडले, आणि त्यांतील एकाने सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापले. एका समाजाची भूमी अशा रीतीने गेली. ज्यांचे चेहरे इतक्या आदराने रंगवले त्यांच्याशी हा व्यवहार झाला, हे माहीत झाल्यावर ती चित्रे पुन्हा पहिल्यासारखी दिसत नाहीत.

दुसरे उदाहरण १७४१ मधील. रॉबर्ट फीक यांनी आयझॅक रॉयल आणि त्यांच्या कुटुंबाचे समूहचित्र काढले. त्याची रचना स्मायबर्ट यांच्या 'बर्म्युडा ग्रुप'वरून घेतली आहे : तसेच टेबल, तशीच त्यावर पसरलेली गालिच्याची घडी. रॉयल घराण्याचा पैसा अँटिग्वा बेटावरील उसाच्या मळ्यांतून आणि तेथे राबणाऱ्या गुलामांतून आलेला होता. बॉस्टनजवळील मेडफर्ड येथे त्यांच्या वाड्याशेजारी गुलामांच्या राहण्याची इमारत आजही उभी आहे. चित्रात त्या इमारतीतील कोणीही नाही.

आणि तिसरे उदाहरण प्रिन्स डेमा यांचे. मॅसॅच्युसेट्समधील हेन्री आणि क्रिस्टिअन बार्न्स या दांपत्याच्या घरी ते गुलाम होते. त्यांचा हात पाहून मालकाने त्यांना लंडनला नेले आणि तेथील रॉबर्ट एज पाइन या चित्रकाराकडे शिकवले. १७७३ च्या आरंभी बॉस्टनच्या वृत्तपत्रात एक जाहिरात आली : लंडनच्या उत्तम शिक्षकाकडे शिकलेला एक प्रतिभावान निग्रो माफक दरात चेहरे रंगवून देईल. जाहिरातीत त्यांचे नाव नाही. त्याच वर्षी त्यांनी विल्यम डुगिड या कापड-व्यापाऱ्याचे चित्र काढले. डुगिड यांच्या अंगातही फुलांच्या नक्षीचा सैल झगा आहे. बार्न्स दांपत्याची चित्रेही त्यांनी रंगवली. आपले मालक समोर बसलेले, त्यांच्या मुद्रेवर मालकीचा आब कसा आणावा याचा विचार त्यांचाच गुलाम करतो आहे. या प्रसंगातील ताण शब्दांत सांगणे अवघड आहे. राजनिष्ठ बार्न्स दांपत्य पुढे देश सोडून गेले. डेमा १७७७ मध्ये स्वतंत्र नागरिक म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या तोफखान्यात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी मरण पावले. वसाहतकालीन अमेरिकेत गुलाम असताना चित्रे काढणाऱ्यांपैकी ज्यांची चित्रे टिकली आहेत असे ते एकमेव ज्ञात चित्रकार होत.

चहा आणि चित्रकार

कॉप्ली यांना स्वतःच्या स्थानाविषयी समाधान नव्हते. वर्षाला ३०० गिनी मिळवणारा हा चित्रकार बॉस्टनमधील सुखवस्तू माणसांत मोडत होता. पण येथील लोक चित्रकलेला सुतार, शिंपी किंवा चांभार यांच्या धंद्यासारखा एक उपयुक्त धंदा समजतात, असे त्यांनी एका पत्रात खेदाने लिहिले आहे. १७६५ मध्ये त्यांनी आपला सावत्र भाऊ हेन्री याचे, पाळीव उडत्या खारीसह असलेले चित्र काढले आणि लंडनच्या प्रदर्शनासाठी पाठवले. ते कोणीही सांगितलेले काम नव्हते. आपली योग्यता अजमावण्यासाठीच ते काढलेले होते. जोशुआ रेनल्ड्स यांनी त्याची वाखाणणी केली, मात्र बॉस्टनच्या लहानशा वर्तुळात हात आणि अभिरुची बिघडण्याआधी युरोपात या, असाही सल्ला दिला. कॉप्ली पुढे अनेक वर्षे चुळबुळत राहिले.

त्यांच्यापुढे बसणाऱ्यांत दोन्ही पक्षांची माणसे होती. इंग्रज सेनापती टॉमस गेज यांचे चित्र त्यांनी काढले, आणि १७७२ च्या सुमारास क्रांतिवादी सॅम्युएल ॲडम्स यांचेही. ॲडम्स साध्या लोकरी पोशाखात उभे आहेत. एका हातात नागरिकांचे निवेदन घट्ट धरलेले, दुसऱ्या हाताचे बोट वसाहतीच्या सनदेकडे. हे चित्र हॅनकॉक यांच्या घरात लागले. १७७३ मध्ये फिलाडेल्फियाच्या टॉमस मिफलिन दांपत्याचे चित्र काढताना त्यांनी पत्नीला लहान मागावर झालर विणताना दाखवले आहे. इंग्लंडच्या मालावर बहिष्कार चालू असताना घरी विणणे ही राजकीय कृती होती, आणि या चित्रात आपली दृष्टी प्रथम तिच्याकडे जाते, पतीकडे नंतर.

चित्रांतील निष्ठाही किती लवकर जुनी होई पाहा. चार्ल्स विल्सन पील यांनी १७७२ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चित्र काढले. त्यात वॉशिंग्टन यांच्या अंगावर व्हर्जिनिया पलटणीचा गणवेश आहे. इंग्रज राजाच्या बाजूने लढताना घातलेला, आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षे बाजूला ठेवलेला. तीनच वर्षांनी ते त्या राजाविरुद्ध सैन्याचे नेतृत्व करू लागले.

१७६९ मध्ये कॉप्ली यांचा विवाह सुझाना क्लार्क यांच्याशी झाला होता. सासरे रिचर्ड क्लार्क हे चहाचे व्यापारी. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा जो चहा बॉस्टन बंदरात आला, तो उतरवून घेण्याची जबाबदारी ज्या मोजक्या व्यापाऱ्यांकडे होती त्यांत क्लार्क होते. (हे तेच वर्ष, ज्या वर्षी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांना मराठी राजकारणात शिरण्याची वाट दिसू लागली.) जमाव संतापलेला होता. क्लार्क आणि त्यांचे सहकारी बंदरातील किल्ल्यात आश्रयाला गेले. कॉप्ली यांनी नागरिकांच्या सभेत जाऊन मध्यस्थी करण्याचा प्रयत्न केला, सासऱ्यांकडे निरोप नेले-आणले. दोन्ही बाजूंचे चेहरे त्यांनी तासन्‌तास न्याहाळलेले होते, तरी त्यांच्या शब्दाचा उपयोग झाला नाही. १६ डिसेंबरच्या रात्री चहाच्या पेट्या समुद्रात गेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये एका राजनिष्ठ गृहस्थाच्या शोधात जमाव कॉप्ली यांच्याच दाराशी आला.

जून १७७४ मध्ये त्यांनी बॉस्टन सोडले. इंग्लंडमार्गे ते इटलीला गेले, पुढे लंडनला स्थायिक झाले आणि १८१५ मध्ये तेथेच वारले. ते परत आले नाहीत. पत्नी, मुले आणि सासरे लंडनला येऊन पोहोचल्यानंतर, १७७६-७७ मध्ये, त्यांनी आपल्या कुटुंबाचे मोठे समूहचित्र काढले. त्यात सुझाना मुलांना जवळ घेऊन बसल्या आहेत. देशोधडीला लागलेले चहाचे व्यापारी रिचर्ड क्लार्क धाकट्या नातीला मांडीवर घेऊन गंभीरपणे समोर पाहत आहेत. आणि मागे, हातात चित्रांचे कागद घेतलेले कॉप्ली स्वतः उभे आहेत, उत्तम पोशाखातल्या एखाद्या सभ्य गृहस्थासारखे.